दुपारचा आजार

सकाळी आणली की गाडी शहाणी.
डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरावा तशी.
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, कुठे खट्ट नाही,
आणि टिपणीस बाई माझ्याकडे बघायच्या
खोटं बोलताना पकडल्यासारख्या.

मी त्यांचा तिसरा मेकॅनिक.
पहिल्याने ऑइल बदललं.
दुसरा म्हणाला, गिअरबॉक्स गेला, दीड लाख,
आणि बिल फाडता फाडता: बाई, या वयात रिक्षा बरी.
बंगळूरच्या मुलानेही तेच सांगितलं, जरा साखर घालून.

बाईंनी पर्समधून वही काढली.
चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला हात:
तारीख, वेळ, ठिकाण, ऊन की ढग.
माजिवडा, दोन दहा. तिसऱ्यात अडकली.
कापूरबावडी, पावणेतीन. तिसऱ्यात. मागे हॉर्न.
तीन हात नाका, एक चाळीस.
सगळं निळ्या शाईत. फक्त एका ओळीखाली पेन्सिलने, बारीक:
मीच काही विसरते आहे का?
ती ओळ मी न वाचल्यासारखं केलं.
पान उलटून म्हटलं, सगळ्या नोंदी दुपारच्या आहेत, बाई.

स्कॅनरवर कोड एकच:
गिअरच्या मेंदूशी संपर्क नाही. तोही मागे कधीतरी पडलेला.
बॅटरी बारा पॉइंट सहा. अर्थिंग खरवडून पाहिलं.
पिना भिंगाखाली धरल्या, गंज नाही.
दोन तारांमध्ये साठ ओहम, हवे तितकेच.
म्हणजे तारा बोलत होत्या.
ऐकणाऱ्याला डुलकी लागत होती.

मग शेजारच्या पार्लरमधून, शगुफ्ताकडून,
केस वाळवायचं मशीन मागून आणलं.
चारला नवरी आहे, म्हणाली, जाळलंस तर बघ.
बॅटरीशेजारी तो काळा डबा, पोळ्यांच्या डब्याहून लहान.
गरम हवा धरली.
एक मिनिट. दोन. रेहान स्क्रीन वाचत होता.
साडेतीनला म्हणाला, गेला, भाऊ.
ओलं फडकं ठेवलं.
आला.
हवा. गेला. फडकं. आला.
बाई स्टुलावरून उठल्या. परत करा, म्हणाल्या.
मी परत केलं.
पाचव्यांदा करायचं तसं काहीच कारण नव्हतं.

उघडल्यावर आत, एका पिनेच्या डागाभोवती,
केसाएवढी भेग.
थंडीत मिटून बसणारी.
नवा डाग दिला असता तर सहा महिने निघाले असते.
भिवंडीच्या भंगारात निम्म्या पैशात दुसरा होता,
पण त्याच्या पोटात परक्या गाडीचा नंबर.
नवा मागवला. अकरा दिवस लागले.

नंबर भरताना चार्जर लावून ठेवला.
रेहानला दम दिला, दार उघडू नकोस,
आतला दिवा लागला तरी व्होल्टेज हलतं.
पट्टी हिरवी होईपर्यंत गॅरेजात कुणी शिंकलं नाही.

नवा डबा कोरा असतो.
क्लच किती झिजलाय, बाईंच्या पायाला किती वजन,
नऊ वर्षांचं सगळं जुन्याबरोबर गेलं.
त्याला शिकवावं लागतं,
म्हणून भर दुपारी घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत,
स्टिअरिंगवर त्या, शेजारी मी.
पातलीपाड्याला दुसऱ्यातून तिसऱ्यात धक्का बसला.
त्यांचा रंग उडाला.
शिकतोय तो, मी म्हटलं.
जून महिन्यात सगळेच असे असतात, त्या म्हणाल्या,
आणि घाट येईपर्यंत गप्प.
चढाला त्याने आपणहून खालचा गिअर घेतला.
त्यांनी मान हलवली, बरोबर उत्तराला हलवावी तितकीच.

परतताना माजिवड्याला सिग्नल लाल. दोन वीस.
काचेवर हात ठेववत नव्हता.
सुटला. पहिला. दुसरा. तिसरा. चौथा.
पुढचा सिग्नल लागताच त्यांनी मांडीवर वही घेतली,
वेळ लिहिली, ठिकाण लिहिलं, ऊन लिहिलं,
आणि पेन तिसऱ्या रकान्यावर धरून बसल्या.
मागचे हॉर्न वाजायला लागले.